कळसूबाईची चाल केदारकंठ्याच्या बर्फात चालत नाही

मा. संपादक,

नोव्हेंबर लागला की पुरवण्यांतून आणि सहलींच्या जाहिरातींतून उत्तराखंडातल्या केदारकंठ्याचे पांढरेशुभ्र फोटो येऊ लागतात. खाली ठरलेली ओळ असते, ‘नवशिक्यांसाठी सोपा हिमट्रेक’. नुसत्या चढाईच्या हिशेबाने ती खोटी नाही. बारी गावातून कळसूबाई (१६४६ मीटर) करणारा एका सकाळी ८००-९०० मीटर चढून जातो. केदारकंठ्याचा माथा सुमारे ३८०० मीटरवर असला, तरी शेवटच्या तळावरून तिथपर्यंतची चढाई त्याच्या निम्मीच्या आसपास. म्हणूनच शेवटची कसारा लोकल पकडून सह्याद्रीत जाणारा मुंबईकर तिथे गाफील राहतो. घात होतो तो बर्फाने आणि गारठ्याने, आणि सह्याद्रीने अंगी लावलेल्या सवयी नेमक्या तिथेच उलटतात.

आधी हवामान. मोबाइलवर ‘सांकरी’ टाकल्यावर दिसते ते पायथ्याच्या गावाचे तापमान. गाव सुमारे १९५० मीटरवर आहे आणि दर हजार मीटरला पारा साधारण साडेसहा अंश उतरतो. गावात पहाटे २ अंश असतील तर माथ्यावर उणे १० धरावेत. ताशी ३० किलोमीटर वारा असला, तर उघड्या कातडीला ते उणे २० सारखे लागतात. (निरभ्र, शांत रात्री गार हवा दरीत साचते, तेव्हा हे गणित चुकते. ढगाळ, वाऱ्याच्या दिवशी बऱ्यापैकी जुळते, आणि जपायचे असते ते त्याच दिवशी.) अंदाजात मिलिमीटर दिसले की मुंबईकर ‘एवढासाच पाऊस’ म्हणून सोडून देतो. १० मिलिमीटर पाणी म्हणजे ताजे, भुसभुशीत हिम साधारण १० सेंटिमीटर. ३० मिलिमीटरचा अंदाज असेल तर वाट पोटरीभर बुजली असे समजावे. हिवाळ्यात हे हिम आणतो तो पश्चिमी झंझावात. त्याची चाहूल हवामान खात्याच्या अंदाजात काही दिवस आधी लागते, तेव्हा परतीच्या तिकिटाला एक दिवस मोकळा ठेवणे शहाणपणाचे.

मराठीत आपण सरसकट सगळ्यालाच बर्फ म्हणतो. वाटेवर मात्र एकाच दिवसात तीन प्रकार भेटतात. पहाटे कालचे वितळलेले हिम पुन्हा गोठून टणक साल धरते. दुपारी उन्हाने ती साल मऊ पडते आणि पाय मांडीपर्यंत आत जातो. आणि झाडांच्या सावलीत, शेकडो बुटांनी तुडवलेल्या पट्ट्यावर गुळगुळीत बर्फाची काच तयार होते. उतरताना माणसे पडतात ती बहुतेक या काचेवर. बुटावर रबराने चढवायच्या साखळीच्या खिळ्यांचा, म्हणजे मायक्रोस्पाइक्सचा, उपयोग इथेच. ओल्या, ताज्या हिमात मात्र त्यांच्याखाली गोळे धरतात आणि टाचेखाली लाडू बसवल्यासारखे होते. दर पाच-दहा पावलांनी काठीने बुटाच्या कडेवर ठोकून ते पाडावे लागतात. खिळे घसरण सुरू होण्याआधी, सपाट जागी बसून चढवावेत. काचेवर एका पायावर तोल सांभाळत रबर ताणणे म्हणजे पडण्याचीच तयारी. सांकरीत ते भाड्याने मिळतात. रबराला चीर आहे का, साखळीची कडी उघडली आहे का, हे तिथेच पाहून घ्यावे. बुटात हिम शिरू नये म्हणून पोटरीवर बांधायच्या आवरणाचा, म्हणजे गेटरचा, हुक बुटाच्या नाडीत अडकवावा, बक्कल बाहेरच्या बाजूला ठेवावे. आत ठेवले तर दुसऱ्या पायाचे खिळे त्यात अडकतात.

उतरताना बसून घसरगुंडी करण्याची हौस सगळ्यांनाच येते. पायात खिळे असताना ती कधीही करू नये. खिळा हिमात रुततो, पाय तिथेच थांबतो, अंग पुढे जाते आणि घोटा किंवा गुडघा पिळवटून निघतो. सह्याद्रीत धावत उतरणारे गडीही इथेच फसतात. टाच आधी रोवावी, गुडघा किंचित वाकवावा, पावले आखूड टाकावीत.

बाकीचे थोडक्यात. सुती बनियन घामाने भिजला की वाळत नाही, तो घरीच ठेवावा. दोन घट्ट मोजे घालण्यापेक्षा एक लोकरी आणि बुटात बोटे हलतील एवढी जागा बरी; रक्त अडले की बोटे आधी गार पडतात. पाणी वरून गोठत जाते, म्हणून झाकण घट्ट लावून बाटली उलटी ठेवावी. नळीच्या पाण्याच्या पिशवीची नळीच आधी गोठते. गॉगल ढगाळ दिवशीही हवाच. माथ्यावर हवेचा दाब मुंबईच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी असतो, त्यामुळे डोके दुखत असेल आणि मळमळत असेल तर वरच्या तळावर जाऊ नये, ‘होईल सवय’ म्हणून तर नाहीच.

हिमस्खलनाबद्दल जाहिरातींत अवाक्षर नसते. नेहमीची वाट बरीचशी जंगलातून आणि मग धारेवरून जाते, तिथे धोका कमी. फोटोसाठी कोरा उतार गाठायचा मोह मात्र ३० ते ४५ अंशांच्या उतारावर महागात पडतो. काठी हिमावर आडवी टेकवून त्यावर मोबाइलचा कोनमापक ठेवला की अंश कळतात. मोसमाच्या सुरुवातीचा पातळ थर कडाक्याच्या थंडीत जाड साखरेच्या दाण्यांसारखा सुटा होतो, आणि त्यावर जानेवारीचे जड हिम बसले की वरचा थर सरकू शकतो. जोरदार हिमवृष्टीनंतरचे पहिले दोन दिवस सगळ्यांत वाईट. ऑक्टोबर २०२२ मध्ये याच उत्तरकाशी जिल्ह्यात, याहून कितीतरी उंच अशा द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर हिमस्खलन झाले, त्यात गेलेल्यांमध्ये गिर्यारोहणाचे प्रशिक्षकही होते.

शेवटी वेळेचे. सूर्योदय गाठायला सगळे तंबू रात्री दोन-तीनलाच निघतात आणि अखेरच्या खड्या चढावर रांग लागते. बोटे गोठतात ती चालताना कमी, रांगेत उभे राहून जास्त. दीड-दोन तास उशिरा निघाले तर सूर्योदय वाटेतल्या धारेवरून दिसतो आणि माथा मोकळा मिळतो. सकाळी दहापर्यंत माथा आला नाही, तर असू तिथून वळावे, कारण त्यानंतर परतीच्या वाटेची साल मऊ पडायला लागते.

आपला,
एक वाचक
मुलुंड, मुंबई