कंदिलाची काच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१७ जुलैच्या दिनविशेषात मुंबईहून रेवसला जाताना बुडालेल्या 'रामदास' बोटीवर आपण दोन ओळी दिल्यात : १९४७, काशाच्या खडकाजवळ, सहाशेहून अधिक बळी. चूक काहीच नाही. पण माझ्या मुलाने त्या वाचल्या आणि पान उलटलं.

लालबागला आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत अलिबागकडची एक आजी राहायची. तिचा धाकटा भाऊ गिरणीत बदली कामगार. दिव्यांची अवस म्हणून गावी निघाला, तेव्हा तिने आईसाठी त्याच्याकडे कंदिलाची काच दिली. धोतरात गुंडाळून, आणि "धक्का लागू देऊ नको हां" असं दोनदा बजावून. सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटली. तासाभराच्या आतच लाटांनी कलली, माणसं एका अंगाला धावली, पावसासाठी बांधलेल्या ताडपत्र्यांत कितीतरी अडकली. चाळीत बातमी आली दिवेलागणीला. रेवसकडून येणाऱ्या कोळ्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात ओतून माणसं आत घेतली, हेही तीच सांगायची. पण फिरून फिरून काचेवर यायची. "पोहता यायचं रे त्याला. माझ्या काचेपायी हात मोकळे राहिले नसतील का?"

आम्ही पोरं तेव्हा सात-आठ वर्षांची. उत्तर कुणालाच सुचायचं नाही.

तिच्या सांगण्यात बुडालेली माणसं कधी हजार, कधी दोन हजार. वडील आकडा सुधारायला गेले की तडकायची, "तू मोजायला गेला होतास?"

वडिलांची बाजू मला उशिरा कळली. १४ एप्रिल १९४४ च्या गोदीतल्या स्फोटाचंच घ्या. 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर दारूगोळा होता, कापूस होता आणि सोन्याच्या विटाही होत्या. आम्ही लहानपणी ऐकलं ते एवढंच, की आभाळातून सोन्याची वीट एका घरावर पडली. पडली, हे खरंच आहे. पण ती गोष्ट इतकी गोड, की आग विझवताना गेलेले ६६ अग्निशामक जवान तिच्यात कुठे नाहीत. ते मला भेटले १४ एप्रिलच्या अग्निशमन दिनाच्या बातमीत, आकडा होऊन. गोदीतल्या हमालांना तर गोष्टीत जागा नाही आणि बातमीतही फारशी नाही.

म्हणून एक विनंती. पुढच्या जुलैत 'रामदास'चा आकडा आजच्यासारखाच तपासून छापा, पण त्याखाली वाचकांच्या घरातल्या चार आठवणी येऊ द्या. बोट बुडाली तो दिवस आठवणारे आता कितीसे उरले असतील? त्यांच्याकडून ऐकलेले मात्र गिरणगावात, अलिबागेत, रेवसला अजून आहेत. काय ऐकलं आणि कुणाकडून, एवढं प्रत्येकाने लिहावं.

माझी आठवण वर दिलीच आहे. भावाचं खरं नाव तेवढं मला ठाऊक नाही. आजी त्याला बाळ्याच म्हणायची.

— एक वाचक, लालबाग, मुंबई