सोनोग्राफी टाळून चालणार नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत रक्तातल्या मायक्रोआरएनएवरून यकृताचा कर्करोग ओळखण्यावरचा लेख आला. लेख चांगला होता. पण तो वाचून आमच्या गल्लीतले एक गृहस्थ कात्रण घेऊन माझ्याकडे आले. "ताई, आता ती दर सहा महिन्यांची सोनोग्राफी बंद केली तर चालेल ना? ही रक्ताची एकच टेस्ट करून टाकतो." त्यांना हिपॅटायटिस बी आहे, आपल्याकडे पांढरी कावीळ म्हणतात ती. वय पन्नाशीपुढे, थोरले भाऊ यकृताच्या कर्करोगानेच गेले. अशा माणसाने सोनोग्राफी सोडणं किती धोक्याचं आहे हे मला माहीत आहे, म्हणून हे पत्र. मी मिरजेत आधी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आणि मग रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून नोकरी करून निवृत्त झाले.

आधी एक सांगते, मायक्रोआरएनएवर माझा राग नाही. उलट गेल्या काही दशकांत जीवशास्त्रात इतकं सुंदर फार थोडं सापडलं असेल. आरएनए म्हणजे डीएनएच्या भावंडासारखा रेणू, त्याचा जेमतेम २२ रासायनिक अक्षरांचा हा तुकडा. जनुकाकडून प्रथिन बनवण्याचा जो निरोप निघतो, त्याला हा जाऊन चिकटतो आणि ते प्रथिन बनणं थांबवतो किंवा कमी करतो. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्कन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत हे दाखवलं, तेव्हा फारसं कोणी लक्ष दिलं नाही. २००० मध्ये रुव्कन यांच्या प्रयोगशाळेला असाच दुसरा तुकडा मिळाला, तो माणसातही निघाला, आणि मग सगळे जागे झाले. २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं तेव्हा घरातलंच कोणी पहिलं आल्यासारखा मला आनंद झाला होता.

यकृताशी तर याचं नातं फार जवळचं आहे. यकृतातल्या एकूण मायक्रोआरएनएमध्ये सुमारे ७० टक्के वाटा एकट्या मिर-१२२ चा (मिर म्हणजे मायक्रोआरएनए, पुढे त्याचा क्रमांक). ज्या उंदरांमध्ये त्याचं जनुक काढून टाकलं, त्यांच्या यकृतात आधी चरबी साठली, मग सूज आली, यकृत निबर होत गेलं आणि शेवटी गाठी झाल्या. माणसाच्या यकृताच्या गाठीतही मिर-१२२ अनेकदा घटलेला दिसतो. मिर-२१ मात्र वाढतो आणि पेशींच्या वाढीला लगाम घालणारं पीटेन नावाचं प्रथिन दाबून टाकतो. हिपॅटायटिस सी च्या विषाणूला तर स्वतःची वाढ करायला आपल्या यकृतातलाच मिर-१२२ लागतो, हे २००५ मध्ये उघड झालं.

मग रक्तात हे मोजून कर्करोग का ओळखू नये? मोजता येतात. अडचण पुढे आहे. यकृताच्या पेशीला इजा झाली की मिर-१२२ रक्तात उतरतो, पण इजा कशाची ते सांगत नाही. काविळीचा जोर असो, पॅरासिटामॉलचा अतिरेक असो, गाठ असो, आकडा वाढतो. म्हणून संशोधक एकावर विसंबत नाहीत, संच करतात. शांघायच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये सात मायक्रोआरएनएंचा संच ९३४ जणांच्या रक्तावर तपासून प्रसिद्ध केला. सुरुवातीच्या गाठीही त्यात बऱ्यापैकी ओळखल्या गेल्या. मोलाचं काम आहे. मात्र त्या सातांत मिर-२२३ आहे, आणि तो पांढऱ्या पेशींत आणि प्लेटलेटमध्येही भरपूर असतो. नमुना गोठू देऊन सिरम म्हणून घेतला की न गोठू देता प्लाझ्मा म्हणून, सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून पेशी लगेच वेगळ्या केल्या की तासाभराने, यावर त्याचा आकडा हलतो.

लॅबमध्ये न बसलेल्या माणसाला हे किरकोळ वाटेल. जतमध्ये सकाळी काढलेलं रक्त मिरजेला पोचेपर्यंत दुपार होते. मे महिन्यात डब्यातल्या बर्फाचं पाणी झालेलं असतं. ट्यूब फिरवून बाहेर काढली की वरचा थर फिका पिवळा हवा, तो गुलाबी दिसतो. शीर सापडेना म्हणून कोणी सिरिंज जोरात ओढली, कोणी बारीक सुई वापरली, वाटेत ट्यूब हिंदकळली, लाल पेशी फुटल्या. अशा नमुन्यावर आम्ही पोटॅशियमची साधी तपासणीसुद्धा लावत नसू. ‘हिमोलाइज्ड, पुन्हा पाठवा’ असा शेरा मारून परत करायचो आणि डॉक्टरांची बोलणी खायचो. आता लाल पेशींत मिर-१६ आणि मिर-४५१ ठासून भरलेले असतात, आणि कित्येक अभ्यासांत इतरांची पातळी ठरवायला आधार धरला तो मिर-१६ च! आधारच हलला तर बाकीच्या आकड्यांवर भरवसा कसा ठेवायचा? वेगवेगळ्या अभ्यासांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

औषधाबाबतही तसंच. गाठींची वाढ रोखणाऱ्या मिर-३४ए ची कृत्रिम नक्कल रुग्णांना शिरेतून देण्याची चाचणी अमेरिकेत २०१३ मध्ये सुरू झाली, त्यात यकृताच्या कर्करोगाचे रुग्ण होते. प्रतिकारशक्ती भडकून चार रुग्ण दगावले आणि २०१६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. त्या रुग्णांचीही आठवण लेखात हवी होती.

सोनोग्राफी परिपूर्ण आहे असं मी म्हणत नाही. पोट सुटलेल्या माणसात लहान गाठ नजरेतून सुटते. यकृताच्या कर्करोगासाठीची एएफपी ही रक्ततपासणी तर लहान गाठीत कितीतरी वेळा नॉर्मलच येते. म्हणूनच संशोधन चालू आहे आणि ते व्हायलाच हवं. पण तोवर सिरोसिसवाल्यांनी (म्हणजे यकृत निबर झालेल्यांनी), आणि हिपॅटायटिस बी असलेल्या चाळिशीपुढच्या पुरुषांनी व पन्नाशीपुढच्या बायकांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी करायलाच हवं. घरात कोणाला हा कर्करोग झाला असेल तर वयाची वाटही न बघता डॉक्टरांना विचारावं. ही गाठ लहान असताना दुखत नाही. तेव्हाच सापडली तर कापून काढता येते, जाळता येते. पोटात पाणी झाल्यावर आलेल्या माणसासाठी डॉक्टरांच्या हातात फार थोडं उरतं. बुरशी आलेल्या भुईमुगाच्या शेंगा टाकून न देता चटणीला वापरणाऱ्या घरांनीही ऐकावं, त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष आणि हिपॅटायटिस बी एकत्र आले की धोका कैक पटींनी वाढतो. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बी ची लस मिळाली का, हे आजीनेच दवाखान्यात विचारून घ्यावं.

आता माझं खरं मागणं. गणेशोत्सव, शिवजयंती, आंबेडकर जयंतीला आपल्याकडे गावोगाव रक्तदान शिबिरं होतात. प्रत्येक पिशवीची हिपॅटायटिस बी आणि सी साठी तपासणी सक्तीची आहे. पॉझिटिव्ह निघाली की पिशवी बाद होते, पण रक्तदात्यापर्यंत आम्ही पोचायचो कसं? फॉर्मवर नंबर मंडळाच्या कार्यकर्त्याचा. त्याला तर काही सांगता येत नाही, ती रक्तदात्याची खासगी गोष्ट. ज्या पोरांपर्यंत पोचायचो, त्यांतली बरीचशी "मला तर काहीच होत नाही" म्हणून निघून जायची, नाहीतर काविळीचा पाला देणाऱ्याकडे. वास्तविक २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या हिपॅटायटिसविरोधी राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी उपचार केंद्रांत बी आणि सी दोन्हींची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. सी तर बहुतेकांचा तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो.

म्हणून मंडळांना विनंती, फॉर्मवर रक्तदात्याचा स्वतःचा नंबर लिहून घ्या. रक्तपेढ्यांनी पॉझिटिव्ह माणसाला नुसतं तोंडी न सांगता सरकारी केंद्राच्या नावाची चिठ्ठी हातात द्यावी आणि सहा महिन्यांनी एक फोन करावा. आणि संपादक महाशय, शिबिरात किती पिशव्या जमल्या ते आपण दरवेळी छापता. त्या बातमीखाली जवळच्या हिपॅटायटिस उपचार केंद्राचा पत्ता आणि ओपीडीची वेळ छापावी. यंदा गणपतीच्या आधी सुरुवात झाली तर फार बरं होईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
मिरज, जि. सांगली