चिऊचा रिपोर्ट आला

ती. आई-बाबांना,
सा. न.

काल चिऊचा शेवटचा रिपोर्ट हातात आला. फोनवर आईचा आवाज कापरा झाला की मी अर्धवट सांगून थांबते, म्हणून आज लिहितेय.

आई, हा कॅन्सर नाही. याला अमेलोब्लास्टोमा म्हणतात, दात घडवणाऱ्या पेशींपासून होणारी गाठ. अंगात इतरत्र ती सहसा पसरत नाही, पण जबड्याचं हाड आतून पोखरते आणि थोडी जरी मागे राहिली तरी पुन्हा वाढू शकते. गणपतीत तू गालाला आंबेहळदीचा लेप लावलास, त्याने काही बिघडलं नाही. ते मनातून काढून टाक. चुकलं ते पहिल्या दवाखान्यात. दोनदा अँटिबायोटिक दिलं, एक्स-रे एकदाही नाही. माझा राग अजून गेलेला नाही. ताप नाही, ठणका नाही, तरी सूज हटत नाही आणि 13 वर्षांच्या पोरीची एका बाजूची दाढ आलेलीच नाही, एवढं ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे, काढायला पुरेसं होतं. शेवटी तो काढला तेव्हा फिल्ममध्ये लिंबाएवढा काळा गोळा होता आणि दाढ पार जबड्याच्या खालच्या कडेला ढकललेली.

बाबा, तुम्ही म्हणालात, तेवढा जबडा कापून टाका एकदाचा. मोठ्यांमध्ये पुष्कळदा तसंच करतात, पायाचं हाड घेऊन जबडा पुन्हा बांधतात. पण चिऊचा चेहरा अजून वाढतोय, आणि तिची गाठ एकाच पोकळीची. म्हणून आधी तुकडा तपासला, मग पोकळीत नळी बसवली. सहा महिने रोज सिरिंजने सलाइन सोडून ती धुवायची. माझे हात थरथरायचे. आठवड्याभरात चिऊनेच आरशासमोर उभं राहून सिरिंज घेतली. आतला दाब गेला तशी पोकळी आक्रसली, कडेने नवं हाड धरलं. मग दाढेसकट सगळी पिशवी काढली.

नुसत्या तुकड्यावरून पूर्ण कळत नाही, अख्खी पिशवी तपासावी लागते. कालचा रिपोर्ट तिचाच. पेशी आतल्या अस्तरातच आहेत, भिंतीत शिरलेल्या नाहीत. म्हणजे आता आणखी कापाकापी नाही. एक्स-रे मात्र निदान 10 वर्षं काढत राहायचे. तो नेम मी मोडणार नाही.

पावसाआधी या. तिच्यासमोर ‘बिचारी’ म्हणू नका, तिला आवडत नाही. आई, आमरस कर, पण कुरडया तळू नकोस. हाड भरेपर्यंत तिला कडक काही चावायचं नाही.

तुमची,
माई