नोटीस दिली आहे

मुंबई, रविवार

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं, पण बाबांचा आवाज ऐकला की तोंडून शब्द निघेना. म्हणून लिहिते. मी बँकेचा राजीनामा दिला आहे. नोटीस तीन महिन्यांची असते, त्यातले अठरा दिवस गेले. बाबा, आधी घोटभर पाणी प्या, मग पुढचं वाचा.

गिरणी बंद पडली तेव्हाचे दिवस मी विसरलेले नाही. ग्रॅच्युइटीसाठी तुम्ही घातलेले हेलपाटे, आईच्या पाटल्या, सगळं आठवतं. माझा निकाल लागला त्या दिवशी तुम्ही अनवाणी सिद्धेश्वराला गेला होतात. म्हणूनच ही सही करताना हात थरथरला.

बँकेनं मला कमी दिलं असं मी कधीच म्हणणार नाही. आठ वर्षांत पगार एक दिवसही लांबला नाही. आईच्या ऑपरेशनचं बिल स्टाफच्या मेडिक्लेममधूनच भागलं. आणि फॉरेक्सच्या, म्हणजे परदेशी व्यवहारांच्या टेबलावर जे शिकले ते छोट्या शाखेत शिकायला मिळालंच नसतं. एलसीत, म्हणजे परदेशी गिऱ्हाइकाच्या बँकेनं दिलेल्या पैशाच्या हमीपत्रात, मालाचं जे वर्णन असतं, त्याच्याशी बिलातलं वर्णन जुळलं नाही तर परदेशातली बँक पैसे अडवून धरते. एकेक शब्दावर बोट ठेवून तपासायची सवय मला तिथंच लागली.

पण गेल्या मार्चात एक काका आले. रिटायरमेंटचे पैसे, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक, तुमच्यासारखंच रबर लावलेलं. त्यांना एफडी करायची होती. आमचं विम्याचं टार्गेट अपुरं होतं, वरून तासातासाला फोन येत होते. मी त्यांना पॉलिसी दिली. "पैसे एकदाच भरायचे ना, बाई?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी फॉर्म पुढं सरकवला. पाच वर्षं भरायचे होते. दोन रात्री झोप लागली नाही. शेवटी फोन करून त्यांना बोलावलं आणि तीस दिवसांच्या आत ती पॉलिसी रद्द करून दिली. वरिष्ठ काय बोलले ते लिहीत नाही. पुढची बढती घेतली तर बदली कुठल्याही राज्यात होणार, आणि हीच टार्गेटं मला दुसऱ्यांकडून करून घ्यावी लागणार.

म्हणून मी सोलापूरला परत येतेय. आता पोटापाण्याचं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले दोन टॉवेलवाले त्यांचे एक्स्पोर्टचे कागद माझ्याकडं द्यायला तयार आहेत. सुरुवातीला पैसे कमी मिळतील, हे खरं. जुळे सोलापूरच्या फ्लॅटचं कर्ज स्टाफच्या दरानं होतं, ते आता सगळ्यांच्या दरानं होईल आणि हप्ता वाढेल. त्यासाठी वर्षभराचे हप्ते मी बाजूला काढून ठेवलेत. ग्रॅच्युइटी मिळेल, एनपीएसचं, म्हणजे पेन्शनचं खातं माझ्याच नावावर राहतं. तुमच्या दोघांचा वेगळा मेडिक्लेमही मी आधीच काढला, मगच राजीनामा दिला. तुमच्या औषधाला, आईच्या दुधाला काही कमी पडू देणार नाही.

आई, तुझ्या हातची कडक भाकरी आणि शेंगाचटणी इथं डब्यात येते, पण ताटात येत नाही गं. मला तुझ्याजवळ बसून जेवायचं आहे. दहावीच्या वर्षी मी अभ्यास करायची आणि तू उशाशी नुसती जागी बसायचीस, तसं पुन्हा बसशील?

आणि नीट ऐका. बीपीची गोळी सकाळीच घ्यायची, "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. बँकेतून बोलतोय असं सांगून कुणीही ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्यायचा. हयातीचा दाखला संपत आला असेल, मी आल्यावर मोबाईलवरच करू, उन्हात रांगेत उभं राहू नका. काकांना इतक्यात काही सांगू नका, मी स्वतः सांगेन.

बाबा, रागावला असाल तर रागवा, पण बोलणं बंद करू नका. रात्री नऊला फोन करते.

पाण्याच्या दिवशी हंडे उचलून जिना चढायचा नाही. खालची टाकी भरून ठेवा, वरचं शेजारच्या पोराला सांगा. नोटीस संपली की मी आहेच.

तुमची,
मनू