विकतच्या पुरस्काराने ग्रीन कार्ड मिळत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जिल्हा पुरवण्यांत हल्ली भूमिपुत्रांच्या ‘आंतरराष्ट्रीय पुरस्कारां’च्या बातम्या वाढल्या आहेत. त्यांतले काही पुरस्कार अस्सल मेहनतीचे असतात. बाकीच्यांचा हिशेब साधा असतो: शुल्क भरले की नामांकन, आणखी भरले की ट्रॉफी. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या आपल्या मुलामुलींना ‘ईबी-१ए’साठी प्रोफाइल तयार करून देतो म्हणणारे सल्लागार हे पुरस्कार गळ्यात मारतात. यात पैसा तर जातोच, पण खऱ्या कामावरही संशयाची सावली पडते, म्हणून हे पत्र.

ईबी-१ए म्हणजे असाधारण क्षमतेच्या आधारावर ग्रीन कार्डसाठी, म्हणजे अमेरिकेतल्या कायम वास्तव्यासाठी, करायचा अर्ज. विज्ञान, कला, शिक्षण, व्यवसाय आणि क्रीडा या क्षेत्रांना तो लागू आहे. कंपनीच्या पाठबळाची गरज नाही, आय-१४० हा फॉर्म स्वतःच भरता येतो. नोबेलसारखा मोठा सन्मान नसेल तर दहा निकषांपैकी किमान तीन पूर्ण करावे लागतात. पण तीन निकष जुळले की काम फत्ते, हा समज चुकीचा आहे. अमेरिकी अपील न्यायालयाच्या २०१० च्या कझारियन खटल्यातील निकालापासून छाननी दोन टप्प्यांत होते. आधी पुरावा निकषात बसतो का ते बघतात. मग सगळा पुरावा समोर ठेवून, हा अर्जदार त्या क्षेत्रातल्या अगदी वरच्या मोजक्या लोकांत मोडतो का आणि त्याची ख्याती टिकून आहे का, हे ठरवतात. विकतचे पुरस्कार आणि नुसती वर्गणी भरून मिळालेली सभासदत्वे यांचा तिथे टिकाव लागत नाही.

समजा, अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून शिकलेली एखादी मुलगी तिकडे गुलाबी बोंडअळीवर संशोधन करते आहे. तिचे किती शोधनिबंध छापून आले यापेक्षा ते कोणी आणि कशासाठी संदर्भाला घेतले, हे जास्त वजनदार. दुसऱ्यांचे निबंध तपासल्याचा पुरावा म्हणून नियतकालिकाचे निमंत्रणाचे ईमेल पुरत नाही. परीक्षण पूर्ण करून दिल्याची पोचपावती हवी. पेटंट मिळाले म्हणजे कल्पना नवी आहे, एवढेच सिद्ध होते. ती महत्त्वाची आहे हे दाखवायला परवाना करार किंवा प्रत्यक्ष वापराची कागदपत्रे जोडावी लागतात. शिफारसपत्रे पाच-सहा पुरेत, पण त्यांतली निम्मी तरी तिच्यासोबत कधीच काम न केलेल्या तज्ज्ञांची असावीत. तिची कोणती पद्धत, कुठे वापरली, त्याने काय बदलले, हे त्यांत नेमके लिहिलेले असावे. सगळ्या पत्रांत तीच ती वाक्ये आली की ती एकाच हाताने लिहिली आहेत हे अधिकाऱ्याला कळते.

वर्तमानपत्रातले कात्रण हाही एका निकषाचा पुरावा आहे, आणि इथे आपली थेट मदत होऊ शकते. नियमानुसार मजकुराचे शीर्षक, तारीख आणि लेखकाचे नाव लागते. आपल्याकडे बातमीवर ‘वार्ताहर’ किंवा ‘प्रतिनिधी’ एवढेच असते. शिवाय मजकूर त्या व्यक्तीच्या कामाविषयी हवा. सत्काराला कोण कोण उपस्थित होते याची यादी उपयोगाची नाही. अशा बातम्यांवर बातमीदाराचे नाव छापावे आणि पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर ‘जाहिरात’ असे स्पष्ट लिहावे, ही कळकळीची विनंती. पुरवणीतली बातमी ‘प्रमुख माध्यम’ ठरेलच असे नाही, त्यासाठी खपाचे आकडेही मागतात. मराठी कात्रणाचे इंग्रजी भाषांतर पूर्ण असावे, आणि ते अचूक असल्याचे व दोन्ही भाषा येत असल्याचे भाषांतरकाराचे सहीनिशी निवेदन सोबत असावे. नोटरीची गरज नाही.

एप्रिल २०२४ पासून फॉर्मचे शुल्क ७१५ डॉलर आणि स्वतः अर्ज करणाऱ्याला वर ३०० डॉलर असे आहे. लवकर निर्णयासाठीचे प्रीमियम शुल्क वेगळे. ते भरले तर कामकाजाच्या १५ दिवसांत उत्तर मिळते, पण ते उत्तर म्हणजे जादा पुराव्याची मागणीही असू शकते. तिला जास्तीत जास्त ८४ दिवसांची मुदत असते.

मंजुरी आली म्हणून लगेच पेढे वाटू नयेत. एका देशात जन्मलेल्यांना वर्षाच्या कोट्यातला साधारण सात टक्केच वाटा मिळतो, त्यामुळे ईबी-१ए ज्यात मोडतो त्या ईबी-१ श्रेणीतही भारतीयांची रांग आहे. रांगेतली जागा ‘प्राधान्य तारखे’वरून, म्हणजे साधारणपणे अर्ज दाखल झाल्याच्या तारखेवरून, ठरते. २०२५ च्या उन्हाळ्यात ती १५ फेब्रुवारी २०२२ या तारखेवर अडलेली होती. मात्र ज्यांचा ईबी-२ किंवा ईबी-३ या नोकरीवर आधारित इतर श्रेणींतला अर्ज आधी मंजूर झालेला आहे, त्यांना त्याची जुनी प्राधान्य तारीख ईबी-१ मध्ये वापरता येते. २०१६ ची तारीख हाती असलेल्याला याचा फार मोठा फायदा आहे, आणि सल्लागार नेमके हेच सांगत नाहीत.

खेड्यातल्या माणसांचे खरे घोडे अडते ते ग्रीन कार्डसाठी लागणाऱ्या जन्माच्या दाखल्यावर. घरीच बाळंतपण झाले, ग्रामपंचायतीत नोंद नाही, किंवा नोंद आहे पण बाळाचे नाव नाही. शाळेत गुरुजींनी १ जून किंवा १ जुलै लिहून टाकले आणि टीसीवरून तीच तारीख पासपोर्टवर गेली. अशा वेळी आधी ग्रामपंचायतीत शोध घ्यावा, मग तहसीलच्या अभिलेख कक्षात जुने कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, बघावे. काहीच सापडले नाही तर जन्म-मृत्यू निबंधकाकडून नोंद उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र घ्यावे. त्याला शाळेचा दाखल-खारीज उतारा आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडावीत. नाते कोणते आणि जन्माची माहिती कशी, हे त्यांत स्पष्ट असावे. उशिरा नोंदवलेला दाखला असेल तरी ही कागदपत्रे सोबत ठेवावीत, कारण एकट्या अशा दाखल्यावर शंका घेतली जाते.

पैसे देऊन सोयीच्या तारखेचा दाखला मात्र करून घेऊ नये. अर्ज नामंजूर झाला तर पुन्हा भरता येतो. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचे ठरले तर अमेरिकेचे दार जन्मभरासाठी बंद होऊ शकते. वानखडे-वानखेडे असा आडनावाचा फरक असेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र पुरेसे होते की राजपत्रात नावबदल करावा लागेल, हे अर्ज भरण्याआधीच वकिलाला विचारून घ्यावे.

आपला,
एक वाचक
दर्यापूर, जि. अमरावती