बूट, ब्रा आणि एक खिसा

पुणे,
रविवार, दुपारचे तीन

प्रिय सुमे,

फोटो मिळाला. जांभळा ट्रॅकसूट, आतून मखमली अस्तर, झिप थेट हनुवटीपर्यंत. दिसतेस झकास, त्यात वाद नाही. पण अगं बाई, हा माल थंडीच्या गावांसाठी शिवलेला आहे आणि तू राहतेस रत्नागिरीत! मे महिन्यात तो घालून भाट्याच्या पुलापर्यंत गेलीस तर उकडीच्या मोदकासारखी वाफवून निघशील. लेबल अजून फाडलं नसशील तर उद्याच परत पाठव.

डॉक्टरांनी शुगर बघून रोज चाळीस मिनिटं चालायला सांगितलं, आणि तू दुसऱ्या दिवशी आधी कपडे मागवलेस, ह्याला मी हसणार नाही. मीही तेच केलं होतं. फक्त माझे पैसे उलट्या क्रमाने गेले. आधी लोकांना दिसतं ते घेतलं, मग पायातलं, आणि सगळ्यात शेवटी, चार वर्षांनी, आतलं. तू हा क्रम सुलटा कर, एवढंच सांगायला हे पत्र लिहितेय. फोनवर सांगितलं असतं, पण तुझ्या हॉलमध्ये सासूबाई बसलेल्या असतात आणि मला ब्रेसिअरबद्दल बोलायचंय.

तू ओढणीचं विचारलंस, बुटांचं विचारलंस, ह्याबद्दल अवाक्षर नाही. आपण कोणीच विचारत नाही. तळजाईच्या टेकडीवर मी चार वर्षं रोजच्या, लग्नकार्याला घालतो तसल्या ब्रामध्ये चालले. घरी आल्यावर खांद्यांवर लाल वळ. मला वाटायचं, वय झालं. वय कसलं! सगळा भार पट्ट्यांवर येत होता. खरा आधार द्यायचा असतो छातीखालून जाणाऱ्या रुंद पट्टीने; खांद्यावरच्या पट्ट्या नुसत्या सोबतीला. तिथे आत स्नायू नसतो, कातडी आणि नाजूक तंतू एवढ्यावरच सगळा डोलारा. आणि भरभर चालताना तो नुसता वर-खाली होत नाही, आजूबाजूला आणि पुढे-मागेही हलतो. मग पाठ आखडते, आणि आपण नकळत खांदे पुढे पाडून, पोक काढून चालायला लागतो.

तर माप घे. टेप छातीच्या अगदी खालून, श्वास सोडून, घट्ट. आपण बहुतेक जणी पट्टी सैल आणि कप लहान असं घेऊन बसलेल्या असतो, कारण विशीत एकदा कोणीतरी दुकानात नुसतं बघून नंबर सांगितला आणि आपण तोच जन्मभर मागत आलो. घालून दोन्ही हात वर कर. खालची पट्टी वर सरकली तर ती सैल आहे. पट्टीखाली दोन बोटं जेमतेम जायला हवीत. मग ट्रायल रूममध्येच दहा उड्या मार. लाजू नकोस, बाहेरची मुलगी रोज ते ऐकते. नुसती चपटी दाबून धरणारी असते, ती अंगाने लहान असलेल्यांना पुरते. तुझ्या-माझ्यासारखीला दोन्ही बाजू वेगवेगळ्या सांभाळणारी, वेगळे कप असलेली हवी.

आणि तुझा तो आखडलेला उजवा खांदा लक्षात ठेव. डोक्यावरून घालायची अजिबात घेऊ नकोस. मी पहिली तसलीच आणली. घालताना गेली कशीबशी. घामेजून परत आले, न्हाणीघरात काढायला गेले, तर ती गुंडाळी होऊन काखेत अडकली. दोन्ही हात वर, तोंड कापडात, ना पुढे ना मागे. बाहेर हे विचारतायत, "चहा टाकू का?" आणि मी आतून ओरडतेय, "मनूला बोलवा!" मनूने येऊन अक्षरशः मांजराला पोत्यातून काढावं तसं मला काढलं. तेव्हापासून पुढे झिप किंवा पाठीला हूक, ह्याखेरीज बात नाही.

ह्या वस्तूचा जन्मच मुळी अशा हशातून झालाय. १९७७ साली अमेरिकेत, व्हर्माँटमध्ये, लिसा लिंडाल नावाची बाई रोज धावायची आणि तुझ्या-माझ्यासारखीच वैतागलेली होती. तिची मैत्रीण पॉली स्मिथ नाटकांचे कपडे शिवायची. बऱ्याच खटपटी फसल्या. शेवटी पुरुष खेळाडू आत घालतात ते लंगोटासारखे आधारपट्टे असतात ना, त्यातले दोन आणून त्यांनी एकमेकांना शिवले आणि छातीवर चढवले. झाली पहिली स्पोर्ट्‌स ब्रा! हिंडा मिलर तिसरी भागीदार. त्या काळातला एक नमुना आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मला ह्यात गंमत वाटते ती अशी की माणूस चंद्रावर १९६९ सालीच जाऊन आला होता.

आता बूट. तू लिहिलंस, "नंबर सहा, नेहमीचाच." तिथेच थांब. नेहमीचा नंबर चपलेचा असतो. बाळंतपणांनंतर पाऊल थोडं लांब-रुंद होतं, बऱ्याच जणींचं ते तसंच राहतं, आणि आपण कॉलेजातलाच नंबर सांगत राहतो. बूट घ्यायला संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय सुजलेले असतात, आणि चालतानाही ते तसेच सुजणार आहेत. जे मोजे घालणार तेच घालून जा. दोन्ही पावलं मापून घे, मोठ्या पावलाला होईल तो बूट घे. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याएवढी जागा हवी.

ही अंगठ्याएवढी जागा मला सिंहगडाने शिकवली. चढताना काही जाणवलं नाही. वर पिठलं-भाकरी, मटक्यातलं दही, सगळं रीतसर झालं. उतरताना आतकरवाडीच्या वाटेला प्रत्येक पावलाला अंगठा बुटाच्या टोकावर आपटत होता. खाली आले तेव्हा मोजा काढवेना. नख आधी जांभळं झालं, मग काळं, आणि दीड महिन्याने पोळीवरचा पापुद्रा सुटावा तसं अलगद निघून आलं. बूट साडेचार हजारांचे होते. छान होते, फक्त अर्धा नंबर लहान. बरं, बुटाच्या वरच्या टोकाला जे एक जादा भोक असतं, ज्यात कोणीच नाडी ओवत नाही, ते टाच घट्ट धरायलाच असतं. दोन्हीकडे त्या भोकांतून छोटे फास करायचे, समोरासमोरच्या नाड्या त्यांतून ओवायच्या आणि मग गाठ. उतारावर पाय पुढे घसरत नाही. मला हे नख गेल्यानंतर कळलं.

बूट हातात घेऊन वाकवून बघ. बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे. बरोबर मधोमध दुमडला तर ठेव परत. धावणारे लोक ५०० ते ८०० किलोमीटर झाले की बूट बदलतात. आतला मऊपणा बसून जातो, वरून कितीही नवा दिसो. चालण्यात पायाला मार कमी, त्यामुळे आपले आणखी टिकतात. तरी रोजचे चार किलोमीटर धरलेस तर वर्षभराने गुडघा कुरकुरायला लागल्यावर आधी तळवा उलटून बघ, मग हाडांच्या डॉक्टरांकडे जा. आणि मोजे पांढरे सुती नकोत. सूत घाम धरून ठेवतं, ओलं कातडं घासतं, की आला फोड.

कपड्यांचं मी थोडक्यात उरकते, कारण तिथे खरंच फार खर्च करायची गरज नाही. "सुती ते बरं" हे आपल्या हाडात आहे. पुण्यात एप्रिलच्या कोरड्या हवेत हळू चालणारीला जुना सुती कुर्ता उत्तम. पण तुझ्याकडे हवाच ओली. घाम वाळत नाही, सूत तो पिऊन जड होतं आणि पाठीला चिकटतं. तुला पातळ, जाळीदार पॉलिएस्टर घ्यावं लागेल, खेळाडूंचा टी-शर्ट असतो तसलं. ते पाणी पीत नाही, बाहेर पसरवतं आणि लवकर वाळतं. एक खोड आहे, वास धरतं. आल्याबरोबर साध्या पाण्यातून काढायचं, आणि ते सुगंधी कंडिशनर तर चुकूनही घालायचं नाही. त्याचा थर बसला की कापड घाम ओढेनासं होतं.

लेगिंग घेताना तीन गोष्टी बघ. खिडकीपाशी उजेडाकडे पाठ करून खाली वाक आणि कोणा बाईमाणसाला बघायला सांग, आरपार दिसतं का. कमरेची पट्टी बेंबीच्या वर यावी, म्हणजे दर दहा पावलांनी ओढत बसावं लागत नाही. आणि उलटी करून आसनाजवळ बघ: तिथे शंकरपाळ्याच्या आकाराचा वेगळा तुकडा जोडलेला असला तर ती नीट शिवलेली आहे. चार शिवणी एकाच जागी येऊन मिळाल्या असल्या तर तिथे काचणार, उसवणारही तिथेच. पाळीच्या दिवसांत तर हा फरक फारच कळतो. मांड्या घासतात का गं तुझ्या? माझ्या घासतात. सलवारीत पर्वती चढले होते तेव्हा संध्याकाळी खोबरेल लावून फॅनखाली पाय फाकून बसले होते. आता निघताना व्हॅसलीनचं एक बोट, आणि सलवार बंद.

आणि ओढणी. "इथे सगळे ओळखतात गं," असं तू म्हणालीस. खरं आहे. मांडवीच्या किनाऱ्यावर तुला दर दहा पावलांवर कोणीतरी 'काय वहिनी' करणार. मी तुला टी-शर्टवर ये म्हणणार नाही. मांडीच्या मध्यापर्यंत येणारा, दोन्ही बाजूंनी कमरेपर्यंत चिरलेला कुर्ता शिवून घे, त्याच जाळीदार कापडाचा. पाऊल मोकळं टाकता येतं. पण ओढणी घरी ठेव. एक हात ती सावरण्यात गेला की हात हलवून चालता येत नाही, आणि हात हलले नाहीत तर पायही मंदावतात. आपल्या आज्यांना कोणी ट्रॅकसूट दिला होता? नऊवारीचा कासोटा घट्ट मारला की माझी आजी विहिरीवरून दोन कळश्या घेऊन घाटी चढायची, आंब्याच्या झाडावरही चढायची. दोन पाय वेगळे, पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हात मोकळे. सहावारी आली तिथे आपली ढांग आखूड झाली, असं माझं स्पष्ट मत आहे. हल्ली मॅरेथॉनमध्ये नऊवारी नेसून धावणाऱ्या बाया दिसतात, त्यांचं मला काडीचं नवल वाटत नाही.

राहिला खिसा. ह्यांच्या प्रत्येक पँटला चार-चार खिसे आणि आपल्या कपड्यांना काय? एखादा शोभेचा, ज्यात रुपयासुद्धा उभा राहत नाही. मी फोन ब्लाउजात खोचल्यासारखा ब्रामध्ये ठेवायचे. घामाने तो एकदा बंद पडला, तेव्हा अक्कल आली. कुर्ता शिवायला टाकशील तेव्हा शिंप्याला सांग, उजवीकडे आतून वीतभर खोल खिसा, वर चेन. त्यात किल्ली, फोन, शहाळ्याचे पैसे, आणि तुला आता ग्लुकोजच्या गोळ्या. औषध चालू असताना चालता चालता शुगर उतरली तर पर्स घरी असून काय उपयोग?

पाऊस तीन आठवड्यांवर आला. तुमच्याकडे लागला की लागला. त्यासाठी वॉटरप्रूफ बुटांच्या नादी लागू नकोस. वरून पाणी शिरतं ते आतच राहतं. जाळीचे बूट भिजतात पण वाळतात. घरी आलं की आतला तळ काढायचा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, तासाभराने बदलायचे आणि बूट फ्रिजच्या मागच्या उबेला ठेवायचे. कातळावर शेवाळ धरलं की कुठलाच बूट कामाचा नाही. ते चार महिने डांबरी रस्ताच बरा.

तर आता असं कर. आज संध्याकाळी वर्तमानपत्रावर उभी राहा आणि मुलाला दोन्ही पावलं पेन्सिलने आखायला सांग. पेन्सिल सरळ उभी धरायची, आत कलंडवायची नाही. छातीखालचं माप कागदाच्या कोपऱ्यात लिही आणि फोटो फक्त मला पाठव, आपल्या कॉलेजच्या ग्रुपवर नको! मी शनिवारी संध्याकाळी लक्ष्मी रोडला जाणारच आहे.

तुझी,
विजू

ता. क. चालताना मोठं मंगळसूत्र काढून ठेव गं. दर पावलाला वाट्या हाडावर आपटतात. सासूबाईंना सांग, डॉक्टरांनी सांगितलंय. मीही माझ्या सासूबाईंना तेच सांगितलं होतं.