ओडीसीच्या परवान्यात वीजतारांची उंची लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अवजड यंत्रे वाहून नेणाऱ्या ट्रेलरमुळे महामार्गावर होणाऱ्या खोळंब्याबद्दल आपल्या दैनिकात गेल्या महिन्याभरात दोन-तीन पत्रे आली. हे ट्रेलर रस्त्यावर येऊच देऊ नयेत, असे एका वाचकाने लिहिले आहे. त्यांचा वैताग मी समजू शकतो. खंबाटकी घाटात लहान मुलांना घेऊन दोन तास अडकलेल्या माणसाने दुसरे काय म्हणावे? पण याच ट्रेलरांबरोबर माझी चोवीस वर्षे गेली. आधी पुढे जाऊन रस्ता मोजणारा सर्व्हेचा माणूस होतो, नंतर कॉन्व्हॉयचा, म्हणजे ट्रेलरबरोबर जाणाऱ्या ताफ्याचा, सुपरवायझर झालो. आमच्याकडे या मालाला ओडीसी म्हणतात, म्हणजे ओव्हर डायमेन्शनल कार्गो, ठरलेल्या मापापेक्षा मोठा माल. कोंडीहून कितीतरी गंभीर अशी एक गोष्ट या मालाच्या परवान्यातून राहून गेली आहे. तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितो आहे.

आधी नियम काय आहे ते थोडक्यात सांगतो. रस्त्यावरच्या सर्वसाधारण मालवाहू गाडीची रुंदी २.६ मीटर आणि उंची ४ मीटरच्या आत असावी लागते. २०१८ साली केंद्राने अॅक्सलची (चाकांच्या आसाची) वजनमर्यादा वाढवली. तेव्हापासून ट्रॅक्टर-ट्रेलरला मालासकट जास्तीत जास्त ५५ टन चालतात. त्यापेक्षा मोठे काही न्यायचे तर खास परवानगी लागते, आणि ज्या मालाचे तुकडे करता येत नाहीत त्याच्यासाठीच ती मागायची असते. वीज उपकेंद्राचा ट्रान्सफॉर्मर, साखर कारखान्याचा बॉयलर ड्रम, पवनचक्कीचे पाते ही त्याची उदाहरणे. चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर किंवा धुळ्याकडे ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उभ्या आहेत, त्यांचे प्रत्येक पाते असेच रस्त्याने, अखंड वर गेले आहे. आताची पाती तर साठ मीटरच्याही पुढे गेली आहेत. ती मधून कापून नेता येत नाहीत. म्हणून ‘बंदी घाला’ म्हणणाऱ्यांना माझी विनंती आहे की घरात दिवा लावताना एवढे एकदा आठवावे.

रस्ते आमच्यामुळे खचतात, हाही एक गैरसमज आहे. दोनशे टनांचा ट्रान्सफॉर्मर आम्ही हायड्रॉलिक अॅक्सलच्या ट्रेलरवर घालतो. चाकांच्या एकेका आडव्या रांगेला, म्हणजे लाइनला, आठ टायर आणि अशा वीस-वीस लाइन, म्हणजे वजन सगळीकडे वाटले जाते. रस्ता खचतो तो एका अॅक्सलवर येणाऱ्या भाराने. हा भार दुप्पट झाला की नुकसान जवळजवळ सोळापट होते, असा रस्ते-अभियंत्यांचा जुना हिशेब आहे. क्षमतेच्या दीडपट वाळू भरून रात्री सुसाट जाणारा डंपर रस्त्याचे जे करतो, ते आमचा ट्रेलर करत नाही. ओव्हरलोड गाडीला वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा दंड कायद्यात आहे. तो किती डंपरांकडून वसूल होतो, हे नाक्यावर उभे राहून कुणीही पाहावे.

पुलांच्या बाबतीत व्यवस्थेने खरोखर विचार केलेला आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पुलांसाठीच्या मानकात आमच्यासारख्या गाड्यांकरिता वेगळा भार धरला आहे. १८ टनांचा एक असे वीस अॅक्सल आणि पुढे ओढणारा पुलर (ट्रॅक्टर) मिळून ३८५ टन. ही गाडी पुलावर कशी न्यायची तेही ठरलेले आहे. पुलावर दुसरे वाहन नको, वेग ताशी ५ किलोमीटरच्या आत, गाडी रस्त्याच्या बरोबर मध्यावर, इकडे-तिकडे जास्तीत जास्त ३०० मिलिमीटर. वाऱ्यावादळात जायचे नाही आणि मध्येच ब्रेक मारायचा नाही. कित्येक पुलांवर मी स्वतः पुलरच्या पुढे उलटा चालत, हातात टॉर्च घेऊन ड्रायव्हरला मधली रेघ दाखवलेली आहे. पाठीमागे लोक हॉर्न वाजवत असतात, शिव्या देत असतात. पण तो नियम कुणीतरी डोके लावून लिहिलेला आहे, म्हणून पाळताना मनात शंका येत नाही.

वीजतारांचा नियम असा कुठे आहे?

हिशेब बघा. रस्ता ओलांडणारी घरगुती विजेची तार जमिनीपासून किमान ५.८ मीटर आणि ११ किंवा ३३ केव्हीची (हजार व्होल्टची) लाइन किमान ६.१ मीटर उंच असावी, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे नियम सांगतात. आमचा ट्रान्सफॉर्मर ट्रेलरवर चढवला की जमिनीपासून साडेपाच ते सहा मीटर होतो. म्हणजे कागदावरचा नियम तंतोतंत पाळला गेला तरी सहा मीटरचा माल घरगुती तारेखालून जाऊ शकत नाही, आणि ११ केव्हीखाली वीतभरही जागा उरत नाही. पण कागदावरची उंची गावात सापडते कुठे? उन्हाळ्यात तारा सैल पडतात. खांब कलतात. रस्त्यावर डांबराचे थरावर थर चढून जमीनच वर येते. मी फायबरची एक काठी ठेवली होती, तिला दर दहा सेंटिमीटरवर लाल रंगाचा पट्टा मारलेला. त्या काठीने भर रस्त्यावर ११ केव्हीची लाइन ५.२ मीटरवर मोजल्याचे मला आठवते. एक-दोन ठिकाणी नव्हे, पुष्कळ ठिकाणी.

मग तिथे गाडी पुढे कशी जाते? हे प्रत्येक कॉन्व्हॉयवाल्याला ठाऊक आहे आणि प्रत्येक जण गप्प आहे. मालावर एक हेल्पर बसवतात. त्याच्या हातात वाळका बांबू नाहीतर पीव्हीसीचा पाइप देतात. तार जवळ आली की त्याने ती बांबूने उचलून डोक्यावरून मागे सोडायची. पायांत रबरी चप्पल असते, अंगाला दोर बांधलेला नसतो. त्या दृश्याची इतकी सवय होते की हे काम जिवावरचे आहे हेच आपण विसरून जातो. घरगुती लाइन एकवेळ अशी निभावते. ११ केव्हीला तर हात लावायचीही गरज नसते, नुसते जवळ गेले तरी ती झेप घेते.

हे मी ऐकीव सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका गावातून आम्ही एक ट्रान्सफॉर्मर नेत होतो. परवानगीचे सगळे कागद माझ्या पिशवीत होते. महामार्गाचा परवाना, बांधकाम खात्याचे पत्र, पोलिसांचा बंदोबस्त, सगळे. नव्हता तो फक्त लाइनचा शटडाउन, म्हणजे तेवढ्या वेळापुरती वीज बंद ठेवणे. अर्ज देऊन नऊ दिवस झाले होते आणि रोज ‘उद्या बघू’ हेच उत्तर मिळत होते. पोलिसांच्या परवानगीची मुदत त्या रात्री संपत होती. ती संपली की पुन्हा पहिल्यापासून सगळे, आणि मालकाचा फोन दर तासाला. दोनच्या सुमारास मी हात वर करून पुलरला ‘चल’ म्हणालो. वर बसलेला मुलगा बावीस वर्षांचा, लातूरकडचा. बांबू संध्याकाळपासून दवात पडून भिजलेला होता, ते मी पाहायला हवे होते. निळा लखलखाट झाला, गावातले दिवे गेले आणि अंधारात तो खाली पडल्याचा आवाज आला.

तो वाचला. उजवा हात कोपरापासून काढावा लागला. मालकाने दवाखान्याचे बिल भरले आणि विषय मिटला असे ठरवले. चौकशीत ‘हेल्परने निष्काळजीपणे तारेला स्पर्श केला’ असे लिहून आले आणि त्याखाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. तेव्हा माझी दोन मुले शिकत होती, नोकरी जाईल या भीतीने मी ती केली. आज मी या वर्तमानपत्रातून सांगतो की ते वाक्य खोटे होते. त्याला तिथे बसवणारा मी होतो, आणि जो परवाना मी खिशात घेऊन फिरत होतो त्यात त्या तारेचा उल्लेखही नव्हता.

दोष एकाच खात्यावर ढकलावा असेही मला वाटत नाही. राष्ट्रीय महामार्गाची परवानगी केंद्रीय मंत्रालयाकडे ऑनलाइन मागता येते. महामार्ग सोडून उपकेंद्राच्या रस्त्याला लागले की बांधकाम खाते, जिल्हा परिषद, नगरपालिका, पोलीस आणि वीज कंपनी अशी पाच दारे. एकाची मुदत दुसऱ्याशी जुळत नाही. कोंडी नको म्हणून पोलीस म्हणतात रात्री जा. वीज कंपनीचा लाइनमन म्हणतो, रात्री माझ्याकडे माणूस नाही, आणि चार गावांची लाइन मीही आपल्या मर्जीने बंद करू शकत नाही. त्याचेही खरे आहे. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीला आलेली असते. ती तुमच्या ट्रेलरसाठी बंद केली तर पाण्यावर उभा असलेला शेतकरी त्यालाच धरणार.

एक लांबचे उदाहरण देतो, कारण त्यातून मला आमचीच चूक स्पष्ट दिसली. २३ मे २०१३ रोजी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात इंटरस्टेट ५ या महामार्गावरच्या स्कॅगिट नदीच्या पुलाला परवानाधारक ट्रेलरवरचा उंच माल धडकला आणि पुलाचा एक गाळा नदीत कोसळला. दोन गाड्या पाण्यात पडल्या. त्यातले तिघेही सुदैवाने वाचले. त्या देशात प्रत्येक राज्याचा परवाना वेगळा असतो. या ट्रेलरकडे वॉशिंग्टनचा परवाना होता आणि त्यावर मालाची उंचीही लिहिलेली होती. पुढे उंची तपासायची काठी लावलेली पायलट गाडी (वाट दाखवणारी गाडी) होती. पण पुलाची वरची चौकट कमानीसारखी, कडेच्या लेनवर खाली उतरलेली. आतल्या लेनमधून गेला असता तर ट्रेलर सुटला असता. परवाना देताना माल या रस्त्याने मावतो की नाही हे राज्याने पाहायचे नव्हते, ते वाहतूकदाराने पाहायचे होते, आणि पायलट गाडीची चालक त्या वेळी फोनवर बोलत होती. आमच्याकडेही नेमके हेच आहे. परवाना मालाची लांबी, रुंदी, उंची लिहून घेतो. वाटेत काय आडवे आहे ते वाहतूकदाराने पाहावे, आणि वाहतूकदार ते बावीस वर्षांच्या पोरावर सोडतो.

माझी मागणी एवढीच आहे. ४.८ मीटरपेक्षा उंच मालाच्या परवान्याबरोबर त्या मार्गावरच्या प्रत्येक आडव्या तारेची यादी असलीच पाहिजे. कुठल्या गावात, कुठल्या खांबाजवळ, किती केव्हीची, आणि गेल्या महिन्याभरात मोजलेली उंची किती. मोजणी वाहतूकदाराने करावी, वीज कंपनीच्या माणसाने तपासून सही करावी. जिथे अंतर पुरत नाही तिथे शटडाउनची तारीख आणि वेळ परवान्यातच छापलेली असावी. त्याचे पैसे परवान्याच्या शुल्कातच घ्यावेत, म्हणजे कुणाला कुणाच्या मागे फिरावे लागणार नाही. त्या गावच्या ग्रामपंचायतीला दोन दिवस आधी कळवावे. गावाला आधी सांगितले तर लोक दळण आटोपून घेतात, पाण्याच्या मोटारीची पाळी बदलून घेतात, आणि रात्री चहासुद्धा करून देतात. हे मी अनुभवाने सांगतो. न सांगता अंधार केला तरच दगड येतात. आणि चालत्या मालावर माणूस बसवायला सरळ बंदी असावी. माणूस वर दिसला की परवाना तिथल्या तिथे रद्द.

यात खर्च वाढेल असे मालक म्हणतील. ट्रान्सफॉर्मरची किंमत कोटींत असते, त्याच्यापुढे हा खर्च काही नाही. वेळ वाढेल असेही म्हणतील. वेळ आज वाढतो तो पाच दारांपुढे थांबण्यात, मोजणीत नव्हे. पन्नास किलोमीटरच्या रस्त्यावरच्या तारा मोटारसायकलवरून एका दिवसात मोजून होतात.

माझ्या घरी अशा मोजणीच्या अकरा वह्या आहेत. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, लातूर, बीड आणि नांदेड या जिल्ह्यांतल्या रस्त्यांवरच्या तारा त्यात गावाच्या नावानिशी आणि तारखेसह लिहिलेल्या आहेत. बऱ्याच नोंदी आता जुन्या झाल्या, पण कुठल्या गावात तार खाली येते ते त्यावरून कळेल. बांधकाम खात्याने किंवा वीज कंपनीने मागितल्या तर मी स्वतः नेऊन देईन. एखाद्या कनिष्ठ अभियंत्याला सोबत यायचे असेल तर काठी घेऊन त्याच्याबरोबर फिरायचीही माझी तयारी आहे. गुडघे दुखतात, पण मोटारसायकलवर मागे बसता येते.

आपला,
एक निवृत्त कॉन्व्हॉय सुपरवायझर
शिरवळ, जि. सातारा